माटोळीखाली एक फेरी

गेल्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी, दुपारी साडेतीनच्या सुमारास, पेडण्यातल्या आमच्या घराच्या सालीत साडेचार हजार रुपयांची माटोळी खाली आली. त्या वेळी तिथे माझे थोरले बंधू (दादा), वहिनी, माझी पत्नी शुभांगी, मुलगी सिद्धी आणि मेव्हणा गुरुदास हजर होते. मीही होतो. खरं म्हणजे माटोळी खाली आली तेव्हा मी तिच्यातच होतो.

(साल म्हणजे आमच्याकडची पुढची मोठी खोली. माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर छताला टांगायची लाकडी चौकट. नारळ, सुपाऱ्या, काकड्या, रानातली रंगीत फळं, त्या दिवसांत जे जे उगवतं ते सगळं तिला बांधतात. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांनी उलटी टांगलेली एक बाग डोळ्यांपुढे आणावी.)

गावात ही हकिगत निरनिराळ्या प्रकारे सांगतात. मेव्हण्याने मला उचलून आपटलं, ही त्यातली सर्वांत लोकप्रिय आवृत्ती. ती साफ खोटी आहे. माझं वजन चौऱ्याऐंशी किलो आणि गुरुदासचं अठ्ठावन्न. ज्याला वजाबाकी येते त्याने कोण कोणाला उचलू शकतो ते स्वतःच ठरवावं. मी हरलो असंही काही लोक म्हणतात. ते का म्हणू नये, हे पुढे येईलच.

सगळं सुरू झालं सिद्धीपासून. ती अकरावीत होती, रोज बसने म्हापशाला जायची. आमच्या गावच्या हॉलमध्ये मुलींसाठी बॉक्सिंगचा वर्ग सुरू होणार होता. चतुर्थीची सुटी संपली की नाव घालायचं. शिकवायला येणारी बाई स्वतः खेळलेली, खणखणीत आवाजाची. सिद्धीने ते ऐकल्या दिवसापासून मागच्या पडवीत कुंड्याचं पोतं टांगून (कुंडो म्हणजे भाताचा कोंडा, एरवी आमच्या म्हशीचा) त्यावर ठोसे मारायला सुरुवात केली. पोत्याला भोक पडलं, तिच्या बोटांची सालपटं निघाली, म्हैस रुसली, पण मुलगी थांबेना.

मला तर आनंदच झाला, कारण मी स्वतः बॉक्सर! कॉलेजात एक वर्ष खेळलोय. एकूण तीन लढती. एक जिंकलो, एक हरलो आणि एकीत समोरचा आलाच नाही. म्हणजे हिशेबाने दोन जिंकलो.

शुभांगीला मात्र ते मान्य नव्हतं. आणि सिद्धीच्या बाबतीत शुभांगीने हो म्हटल्याशिवाय आमच्या घरात पानही हलत नाही.

"मुलीचं नाक मोडलं तर?" ती म्हणाली.

"नाकाला काय होतं? माझं बघ!"

"तुमचंच बघून म्हणते."

त्यातच चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी गुरुदास आला. हा शुभांगीचा धाकटा भाऊ, कारापूरचा. माटोळीसाठी सुपारीचा घड आणि चार मोठी तोरिंगणं (पपनसासारखी, डोक्याएवढी) घेऊन आला होता. खाणी चालू होत्या तोवर हा खाणीवर सुपरवायझर होता. त्या बंद पडल्यावर हरमलच्या किनाऱ्यावर एका शॅकचा हिशेब बघायला लागला आणि तिथे कोणा परदेशी बाईकडून आयकिडो शिकला. हरमलहून लोक काय काय घेऊन येतात! हा आयकिडो घेऊन आला. आता कारापूरला त्याचा स्वतःचा वर्ग आहे. विद्यार्थी नऊ. त्यातले पाच त्याच्याच चुलत्यांचे.

"ताई," तो दुपारचा चहा घेता घेता म्हणाला, "सिद्धीक माझ्याकडे पाठव. आयकिडोत नाक मोडत नाय."

झालं! शुभांगीचा हरताळकेचा उपवास होता. उपवासात तिचे निर्णय फार लवकर होतात. तिचा चेहरा आयकिडोकडे झुकलेला मला दिसला आणि मी कप खाली ठेवला.

"हे आयकिडो म्हणजे नेमकं काय रे?"

"समोरच्याचा जोर त्याच्यावरच उलटवायचा, भावजी. आपण होऊन मारायचं नाय. तो आला की बाजूला व्हायचं, त्याचं मनगट धरायचं, गोल फिरवायचं आणि सोडून द्यायचं."

"म्हणजे स्वतःचं भांडवल काहीच नाही! सगळा धंदा दुसऱ्याच्या पैशावर!"

"आणि तुमची पतसंस्था कोणाच्या पैशावर चालते, भावजी?"

(मी एका पतसंस्थेत शाखाधिकारी आहे. स्वयंपाकघरात नेवऱ्या, म्हणजे आमच्याकडच्या करंज्या, तळणारी वहिनी हसली ते मला सालीत ऐकू आलं.)

"विषय बदलू नकोस!" मी म्हणालो. "बॉक्सिंगमध्ये दोन मुठी असतात, एक घंटा असते, आणि शेवटी एकाचा हात वर होतो. निकाल लागतो! तुमच्यात तर स्पर्धाच नसते म्हणे."

"नसते. जिंकायचं कशाक?"

"मग कोण चांगला ते कळतं कसं?"

"तें कळायची गरजच वाटत नाय, तेव्हा समजायचं शिकलो."

"हे मला शाळेत कोणी सांगितलं असतं तर मी दरवर्षी पहिला आलो असतो!"

"बॉक्सिंगमध्ये, भावजी, तुम्ही समोरच्याक दहा मारणार आणि त्याचे आठ खाणार. फायदा किती? दोन."

"दोन तर दोन! नफा तो नफाच! तुझ्यात फायदा शून्य!"

"तोटाय शून्य."

आता हिशेबात मला कोणी गाठावं आणि मी गप्प बसावं हे शक्य नव्हतं. मी आवाज चढवला, त्याने तो चढवला नाही (हे आयकिडोवाले भांडणातसुद्धा आपला जोर वापरत नाहीत, तुमचाच वापरतात), आणि मी एकटाच दोघांच्या वाटणीचं ओरडत राहिलो. तेवढ्यात दारातून सिद्धी म्हणाली, "आई, माझं नाव घालायचं की नाही? तेवढंच सांग." सोललेली बोटं तिने पाठीमागे लपवली होती. आवाज मात्र लपवता आला नाही.

शुभांगीने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा आम्हा दोघांकडे.

"तुम्ही दोघे उभे राहा समोरासमोर. आजच. शेवटी जो आपल्या पायांवर उभा असेल त्याच्या वर्गाला सिद्धी जाईल. उद्या घरात देव येणार. त्यानंतर हा विषय मला घरात नको."

"ताई, आयकिडोत अशी मारामारी..." गुरुदास सुरू झाला.

"घाबरला!" मी म्हणालो.

"चला," गुरुदास म्हणाला.

आता प्रश्न जागेचा. बाहेर पाऊस, अंगणात चिखल. मागच्या पडवीत म्हैस. माडीवर सालीतलं सगळं सामान, म्हणजे मेज, कदेली (खुर्च्या), टीव्ही, दादाची आरामखुर्ची, नेऊन कोंबलेलं. राहिली साल. चतुर्थीच्या आदल्या दिवशी आमच्या तालुक्यातल्या बहुतेक घरांत एकच खोली रिकामी असते, आणि नेमकी तिच्याच छताला माटोळी टांगलेली असते. सहाजणांपैकी हे फक्त दादाच्या लक्षात आलं.

"हंय नाय हां!" तो दोन्ही हात पसरून मधे उभा राहिला. "सकाळधरन बांधतंय मी ती! केवणीच्या झाडाच्या सालीची दोरी वळून बांधलंय. बाजारातली सुतळी नाय ती."

दादाची माटोळी हा आमच्या वाड्यावरचा अभिमानाचा विषय आहे. नारळांची पेंड (म्हणजे घोस) कुठे, सुपारीचा घड कुठे, चिबूड कुठे, हे तो महिनाभर आधी ठरवतो. पण दादाची एक नाजूक जागा मला ठाऊक आहे.

"दादा, पंच तू."

"पंच?"

"तुझा शब्द शेवटचा."

दादाने हात खाली घेतले. "मगे हळू खेळा," तो म्हणाला आणि शिट्टी शोधायला गेला. शिट्टी मिळाली नाही म्हणून देवघरातली घंटा घेऊन आला.

मी कॉलेजातला बनियन घातला. तो आजही मला होतो. (पोटाच्या वरपर्यंत होतो. पण होतो!) हातांत सिद्धीचे ग्लोव्ह्ज. तिने वाढदिवसाच्या पैशांतून गुपचूप आणून ठेवलेले, लाल, कोरे. तिने ते माझ्या मनगटांवर करकचून बांधले आणि कानाशी म्हणाली, "बाबा, डावा हात खाली सोडू नका."

"मला शिकवतेस?"

"आणि पडू नका. प्लीज."

तिने हे ज्या तऱ्हेने म्हटलं ते ऐकून मला पहिल्यांदाच लक्षात आलं की ही माझी चौथी लढत नव्हे, तिची पहिली आहे. मी छाती पुढे काढली. बनियन आणखी वर गेला.

तेवढ्यात गुरुदास कपडे बदलून आला. वर पांढरा जाड सदरा, आणि खाली काळा, चुण्यांचा, जमिनीवर लोळणारा काहीतरी प्रकार.

झारा हातात घेऊन वहिनी दारात आली होती. "गुरुदास, परकर कोणाचो रे ह्यो?"

"हाकामा, वहिनी. जपानी."

"छान दिसता. माका एक शिवून हाड."

दादाने घंटा वाजवली. आरती सुरू झाल्यासारखं वाटून शेजारच्या घरातली दोन माणसं जनेलाशी (खिडकीशी) आली आणि तिथेच राहिली. गावात जी आवृत्ती पसरली तिचा उगम हा.

मी सुरेख सुरुवात केली. पायांच्या चवड्यांवर नाचत गुरुदासभोवती एक फेरी मारली, मग दुसरी. गुरुदास मात्र बसची वाट बघत असल्यासारखा उभा. मी हवेत दोन जॅब मारून दाखवले. तो बघत राहिला.

"हल ना!" मी म्हणालो.

"तुम्ही मारा, मग हलतो."

"तू आधी ये!"

"आमच्यात आधी यायचं नसतं, भावजी."

"आणि मी समोरच्याने चूक केल्यावर मारणारा बॉक्सर आहे!"

"मी चूक करत नाय. उभो आसंय."

आता मला सांगा, यात लढत कशी व्हायची? एक जण धर्माने आधी मारत नाही, दुसरा डावपेचाने आधी मारत नाही! आम्ही एकमेकांकडे बघत उभे. दादाने अंदाजाने घंटा वाजवली. शुभांगीने जांभई दिली. (उपवासाची असावी.) जनेलातून कोणीतरी विचारलं, "सुरू झाली काय?" शेवटी वहिनी ओरडली, "नेवऱ्यो करपतत गो माझ्यो! कोणतरी मारा रे एकदा!"

मी मारला. उजव्या हाताचा सरळ ठोसा, खांद्यापासून, कंबर फिरवून, चौऱ्याऐंशी किलो त्याच्या पाठीमागे. तो ठोसा उत्तम होता हे गुरुदासही कबूल करतो. दोष एवढाच की तो पोचला तेव्हा गुरुदास तिथे नव्हता. माझ्या कोपराला कोणाची तरी बोटं लागली, अगदी हलकी, म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडायला मदत करावी तशी, आणि मी ज्या दिशेला निघालो होतो त्या दिशेला निघालोच! थांबण्याची काही सोयच राहिली नाही. पुढे नारळांची पेंड लोंबत होती. एरवी माणूस हाताने काहीतरी धरतो. पण ग्लोव्ह्ज घातलेल्या हाताने काही धरता येत नाही, हा बॉक्सिंगचा एक दोष मी मान्य करायला तयार आहे. म्हणून मी पेंडीला मिठी मारली.

पेंड झुलली. तिच्याबरोबर मी झुललो. माझे दोन्ही पाय जमिनीवरून उचलले गेले असं पंच म्हणतो. एक टेकलेला होता असं माझं म्हणणं आजही कायम आहे.

"भावजी! सोडा!" असं ओरडत गुरुदास मला वाचवायला धावून आला. आणि त्याच वेळी झोका परत फिरला. माझी उजवी टाच त्याच्या पोटात बसली. गुरुदास "हूं" म्हणून बसला. (हा लाथेचा प्रकार बॉक्सिंगच्या नियमांत बसत नाही हे मला माहीत आहे. पण समोरच्याचा जोर त्याच्यावरच उलटवणं हे जर आयकिडो असेल, तर तो धावत आला होता आणि मी फक्त लोंबत होतो. मग त्या क्षणी सालीत आयकिडो कोण करत होतं?)

"माझी माटोळी!" दादा पंचाचं पद सोडून धावला.

वरून कडाड्‌ असा आवाज झाला. छताचा एक हूक निघाला, मग शेजारचा, आणि माटोळीची एक बाजू माझ्यासकट खाली आली. मी कमरेवर पडलो. काकड्या माझ्यावर पडल्या. काकड्यांवर सुपारीचा घड, घडावर चिबूड, आणि सगळं संपलं असं वाटून मी डोळे उघडले तेव्हा गुरुदासने प्रेमाने आणलेलं एक तोरिंगण टप्प्याने माझ्या डोक्यात बसलं. गुरुदास मात्र मागच्या मागे गोल कोलांटी घेऊन, अंगाला ओरखडाही न लावता, झकास उठला. उठला तो आपल्याच हाकाम्याच्या चुणीवर पाय देऊन पुन्हा बसला, या खेपेला चिबडावर.

दुसरी बाजू अजून वर होती. तिचे हूकही करकरत होते आणि तिच्या बरोबर खाली आम्ही दोघे. तेव्हा सिद्धी धावली. दोन्ही पाय रोवून, हात डोक्यावर ताठ करून तिने ती चौकट खालून पेलून धरली. तोंड लालबुंद झालं, पण गुडघा वाकला नाही. दादा आणि जनेलातली दोन माणसं येऊन हात देईपर्यंत ती तशीच उभी होती.

सगळं स्थिरस्थावर झालं. माझ्या बनियनवरून एक भेंडी खाली घसरली.

"दोरी तुटूक नाय!" दादाचे पहिले शब्द. तो फळांच्या ढिगातून दोरीचं टोक उचलून सगळ्यांना दाखवत होता. "हूक निघालो! दोरी बघा, दोरी! एक पाती सुटूक नाय! माझ्या दोरीक कोणी नाव ठेवायचां नाय!"

"निकाल काय, दादा?" मी ढिगाखालून विचारलं.

"निकाल गेला खड्ड्यात!" शुभांगी म्हणाली. "उद्या सकाळी देव येणार आणि त्याच्या डोक्यावर काय टांगू, तुमचा बनियन? आधी माटोळी. उठा!"

बाजाराला गुरुदासच्या स्कूटरवरून गेलो. तो हाकाम्यात, कारण बदलायला वेळ नव्हता. मी त्याच्या मागे एका कुल्ल्यावर, कारण दुसरा बसण्याच्या कामाचा राहिला नव्हता. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी माटोळीच्या बाजारात जे उरतं ते सगळ्यांनी नाकारलेलं असतं. रानातली फळं घेऊन बसलेली बाई सकाळी दादाला सामान देणारीच निघाली.

"सकाळी तर न्हेल्यात मरे सगळां! परत कित्याक?"

"ती पडली," गुरुदास म्हणाला.

"कोण पडली?"

"माटोळी."

तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या कपाळावरच्या टेंगळाकडे पाहिलं, कमरेवर ठेवलेल्या हाताकडे पाहिलं. "आणि ह्ये?"

"हे तिच्याबरोबर."

"मी पडलो नाही," मी म्हणालो. "मी खाली आलो."

तिने एक कवंडळ जास्त घातलं, फुकट. दयेने दिलेलं होतं हे मला कळलं. तरी घेतलं. परतताना स्कूटरवर आमचा वाद पुन्हा सुरू झाला. रिंगणात बॉक्सर श्रेष्ठ, हे गुरुदासने पेडण्याच्या चढावर मान्य केलं. घरात माणसं, भांडी आणि माटोळी असताना आयकिडो बरं, हे मी उतारावर मान्य करणार होतो, पण तेवढ्यात खड्डा आला आणि कमरेतून अशी कळ गेली की मी काहीच मान्य केलं नाही.

घरी आलो तर सिद्धी स्टुलावर चढून वर बघत काकड्या बांधत होती आणि दादा खालून तिला दोरीची गाठ शिकवत होता. दादा आपली गाठ कोणालाही शिकवत नाही. मलासुद्धा नाही. नवे हूक ठोकून झाले होते. दिवेलागणीपर्यंत माटोळी पुन्हा वर गेली, थोडी विरळ, एका बाजूला किंचित तिरकी, पण वर. आम्ही सगळे खाली उभे राहून बघत होतो. मग शुभांगीने हात पुसले.

"हां. आता निकाल."

"गुरुदास दोनदा बसला," मी घाईने म्हणालो. "मी एकदाच पडलो. दोनास एक."

"मी एकदा उठलेलंय!" गुरुदास म्हणाला. "तुम्हांक दोघांनी मिळून उठवलो."

"पंच!" दोघेही ओरडलो.

दादा घसा साफ करून म्हणाला, "शुभांगीन काय म्हटलेलां? शेवटी जो पायावर उभो आसत. तेव्हा पायावर उभी एकच होती. माटोळी हातात धरून."

सगळ्यांनी स्टुलाकडे पाहिलं. सिद्धी खाली उतरली.

"मग मीच सांगते," ती म्हणाली. "बॉक्सिंग."

"कित्याक गो?" गुरुदासचा आवाज खरोखरच दुखावलेला होता. "मामान काय वाईट केलां तुझां?"

"मामा, तुझं मला आवडतं. पण तुझ्यात समोरच्याने आधी यायला लागतं." मग आईकडे न बघता म्हणाली, "म्हापशाच्या बसमध्ये एक माणूस आहे. रोज मुद्दाम बाजूला येऊन बसायचा. सरकत सरकत. त्याने हात लावेपर्यंत मी वाट बघत बसू? मग त्याचं मनगट धरू?"

शुभांगीच्या हातातला फडका तसाच राहिला.

"कोण तो?" मी विचारलं. माझ्या आवाजात विनोद नव्हता. आजही तो प्रसंग सांगताना नसतो.

"आता नाही बसत. परवा तो आला तेव्हा मी बॅगेतून ग्लोव्ह्जच्या आत हाताला बांधायच्या पट्ट्या काढल्या आणि त्याच्याकडे बघत बघत सावकाश बांधायला लागले. एक हात झाला. दुसरा सुरू केला तेव्हा तो कोलवाळलाच उतरला. त्याला म्हापशाला जायचं होतं."

दादाने घंटा उचलली आणि एकदा वाजवली. का वाजवली ते त्यालाही सांगता येत नाही.

"बघ!" मी ओरडलो. "बॉक्सिंग!"

"कसली बॉक्सिंग?" गुरुदास उसळला. "कोणाक मारलां? कोणीच नाय! हात न लावता माणूस आपल्या पायांनी गेलो! हांच आयकिडो, भावजी! शुद्ध आयकिडो!"

"पट्ट्या बॉक्सिंगच्या होत्या!"

"बांधल्या कशा? शांतपणे!"

"तो घाबरला कशाला? ठोशाला!"

"पुरे!" शुभांगी म्हणाली. ती सिद्धीजवळ गेली, तिचे दोन्ही हात धरून उलटेसुलटे केले, सोललेली बोटं बघितली. बराच वेळ बघितली. "नाक सांभाळ," ती म्हणाली. "आणि पट्ट्यांचा आणखी एक जोड घे. एक बॅगेत ठेव."

एवढ्याने सिद्धीचं नाव बॉक्सिंगला लागलं. माझ्या हयातीत बॉक्सिंगने आयकिडोवर मिळवलेला हा स्पष्ट विजय आहे, आणि ज्या कोणाला तो तसा वाटत नसेल त्याने माझ्या घरी येऊन बोलावं. सिद्धीचा जॅब आता असा आहे की कुंड्याचं पोतं आम्ही दर महिन्याला बदलतो. मी आयकिडोला आजही लढाई मानत नाही. ज्यात घंटा नाही, गुण नाहीत आणि कोणाचाच हात वर होत नाही, तिला लढाई म्हणायचं तर आमच्या संस्थेच्या वार्षिक सभेलाही म्हणावं लागेल.

आता काय आणि कोणाला दिलं ते सांगतो. सिद्धीच्या कोचबाईंना तीन महिन्यांची फी, नऊशे. म्हापशाच्या डॉक्टरांना कमरेच्या फोटोसकट साडेसातशे. त्यांनी फोटो उजेडात धरून विचारलं होतं, "तुम्हाला कोणी पडायला शिकवलंच नाही का?" बॉक्सिंगमध्ये ते शिकवत नाहीत. बॉक्सिंगमध्ये पडणं हा समोरच्याचा विषय असतो. म्हणून, केवळ वैद्यकीय सल्ला म्हणून, दर रविवारी सकाळी मी कारापूरला जातो आणि गुरुदासच्या वर्गात, त्याच्या चुलत्यांच्या पाच पोरांच्या रांगेत, सहावा उभा राहतो. पहिल्या रविवारी मी त्याला रोख दोनशे दिले. त्याने शंभर परत केले.

म्हणाला, "पडायचं तुम्हांक येतं, भावजी. मी फक्त उठायचे घेतो."